सुईची नोंद आहे, श्वासाची नाही

आमच्या वॉर्डात नर्सिंग स्टेशनच्या ड्रॉवरमध्ये एक रजिस्टर असतं, सुई टोचल्याचं. इंजेक्शन देताना, सलाइन काढताना, कचऱ्याची पिशवी बांधताना कुणाच्या बोटात वापरलेली सुई गेली, की त्यात तारीख, वेळ, रुग्णाचा नंबर आणि कर्मचाऱ्याचं नाव लिहायचं, साबणाने हात धुवायचे आणि तडक कॅज्युअल्टी गाठायची. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीलाही तोंडपाठ असतं. त्या वेळी कुणी म्हणत नाही, "तुझंच लक्ष नसेल." कुणी म्हणत नाही, "आजार घरूनच आणला नसशील कशावरून?" सुई कामावर टोचली, एवढं पुरतं.

एका मोठ्या सरकारी रुग्णालयात मी बावीस वर्षं परिचारिका आहे. या वर्षांत माझ्या जवळच्या पाच सहकाऱ्यांना टीबी झाला. रुग्ण म्हणून त्यांची नोंद झाली, कारण २०१२ पासून प्रत्येक क्षयरुग्णाची खबर सरकारला देणं बंधनकारक आहे. पण कामावर असताना ज्याला आजार जडला असा कर्मचारी म्हणून त्यांची नोंद कुठेच नाही. सुई टोचल्यावर रक्ताचा थेंब दिसतो, श्वासाचा ठिपका उमटत नाही. माझं सगळं म्हणणं या एका फरकाभोवती आहे. जो अपघात दिसत नाही, तो घडलाच नाही असं धरून आपण आपली रुग्णालयं चालवतो.

आमच्या मावशींचं सांगते. त्या ठेकेदाराकडून आलेल्या सफाई कामगार. छातीच्या ओपीडीचा पॅसेज, थुंकीच्या नमुन्यांची खोली आणि पॅसेजच्या टोकाचा संडास हे त्यांचं काम. नमुना उघड्यावर, मोकळ्या हवेत द्यायचा असा नियम आहे आणि तसा कागद भिंतीवर चिकटवलेलाही होता. पण चारचौघांत खाकरून बेडका काढायला माणसाला लाज वाटते, त्यातून बाईमाणसाला जास्तच. त्यामुळे हातात डबी घेऊन रुग्ण जायचे ते त्या संडासात. खिडकी नाही, पंखा नाही, दार लावलेलं. माणूस बाहेर आला की मावशी पाच मिनिटांत बादली आणि खराटा घेऊन आत. दिवसातून किती वेळा, त्यांनी कधी मोजलं नाही, आम्हीही नाही.

त्यांना खोकला लागला तेव्हा आम्ही सगळ्यांनी फिनेलचा वास आणि धुळीला दोष दिला. अडुळशाचा काढा, खोकल्याची बाटली, पुन्हा काढा. दीड महिना असा गेला. क्षयाच्या ओपीडीत काम करणाऱ्या बाईचा दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला आम्हा शिकल्यासवरल्या माणसांना ओळखता आला नाही, ही गोष्ट मला अजून टोचते. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागला तेव्हा इन-चार्ज सिस्टरांनी त्यांना हाताला धरून तपासणीला नेलं. टीबी निघाला, तोही रिफॅम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला दाद न देणारा. अकरा महिने गोळ्या. त्यातल्या एका औषधाने तोंड आणि हात काळवंडले, वस्तीत बायका विचारायला लागल्या म्हणून त्या पदर ओढून घ्यायच्या. रुग्ण म्हणून सरकारच्या पोषण योजनेचे महिना ५०० रुपये मिळाले. कामगार म्हणून काहीच नाही. पहिल्या महिन्याची हजेरी कापली गेली, दुसऱ्या महिन्यात ठेकेदाराने त्यांच्या जागी दुसरी बाई आणली. ती बाईही त्याच संडासात तशीच जाऊ लागली.

क्षयाचा जंतू कसा पसरतो याबद्दल आता शंका उरलेली नाही. माणूस खोकतो, बोलतो, तेव्हा उडणारे मोठे थेंब खाली पडतात, पण अगदी बारीक थेंब हवेतच सुकतात आणि त्यांतले जंतू तासन्‌तास तरंगत राहतात. अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या शेवटी रिचर्ड रायली यांनी क्षयाच्या वॉर्डातली हवा नळ्यांवाटे वरच्या मजल्यावर नेली आणि तिथल्या पिंजऱ्यांतल्या गिनिपिगांना तीच हवा दिली. त्या प्राण्यांनी रुग्ण पाहिला नव्हता, त्याच्या भांड्याला तोंड लावलं नव्हतं. तरी त्यांना क्षयाची लागण झाली. हे सिद्ध होऊन साठ वर्षं उलटली, पण आमच्याकडे आजही टीबी म्हटलं की पहिल्यांदा रुग्णाचा कप आणि ताट वेगळं होतं. खिडकीकडे कुणाची नजर जात नाही.

कोविडच्या काळात हीच चूक साऱ्या जगाने केली. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही असं ठामपणे जाहीर केलं होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी मिळून पत्र लिहिलं, तरी संघटनेने हवेतला प्रसार स्पष्टपणे मान्य करायला २०२१ उजाडलं. मधल्या काळात आम्ही फरशा पुसत होतो, दाराच्या कड्यांवर हायपोक्लोराइट फवारत होतो. बंद खोल्यांत एसी चालू होते. लोकांनी आमच्यासाठी थाळ्या वाजवल्या, त्यामागची माया खरी होती. पण मायेने खोलीतली हवा बदलत नाही. त्या वर्षी एक गोष्ट मात्र योग्य झाली. कर्तव्यावर कोविडने मृत्यू आला तर ५० लाखांचा विमा केंद्राने जाहीर केला आणि त्यात आशाताई, कंत्राटी आणि रोजंदारीवरची माणसंही धरली. कामावर लागलेला श्वसनाचा आजार ही मालकाची जबाबदारी आहे, हे सरकारने त्यानिमित्ताने कबूल केलं. साथ ओसरली, योजना संपली. क्षयाची साथ मात्र कधीच ओसरलेली नाही. जगातल्या दर चार नव्या क्षयरुग्णांपैकी साधारण एक भारतात असतो.

आता उपायांचं बोलू. आमच्याकडे उपाय म्हटलं की मास्क. मास्क लागतोच, आणि तो एन-९५ लागतो. साधा सर्जिकल मास्क घालणाऱ्याच्या गालांशी सैल असतो, हवा बाजूने आत शिरते. पण मे महिन्यात पंखा गेलेल्या वॉर्डात आठ तास एन-९५ घालून पाहा. दुपारी दोननंतर तो नाकाखाली येतोच. मीही ओढला आहे, लपवत नाही. एक मास्क आठवडाभर पुरवायला सांगितलं, तर चौथ्या दिवशी त्याचा इलॅस्टिक सैल पडतो आणि त्याचा उपयोग संपतो. ठेक्यावरच्या माणसांना तर बहुतेक वेळा तोही मिळत नाही. म्हणूनच हवेतून पसरणाऱ्या संसर्गाबद्दल २०१० मध्ये केंद्र सरकारने ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत मास्कचा क्रम शेवटचा आहे. आधी कामाची पद्धत, मग हवा, मग मास्क. आपण तो क्रम उलटा केला. मास्क वापरायची जबाबदारी कामगाराच्या तोंडावर अडकवता येते आणि आजार झाला की "मास्क घातला नसेल" म्हणून मोकळं होता येतं. खिडकीची जबाबदारी अशी कुणाच्या कानाला अडकवता येत नाही. ती संस्थेकडेच राहते.

आमच्या जुन्या इमारतीला दोन्ही बाजूंनी पुरुषभर उंचीच्या खिडक्या आहेत, वर झरोके आहेत, छत इतकं उंच की पंख्यांच्या दांड्या लांबच लांब. ज्यांनी ही इमारत बांधली त्यांच्याकडे क्षयावर एकही औषध नव्हतं. त्या काळात पाचगणीच्या किंवा मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या सॅनिटोरियममध्ये माणसं हवेसाठीच जायची. औषधं आली आणि आपण हवा विसरलो. कबुतरं येतात म्हणून एका बाजूच्या झरोक्यांना प्लायवुड ठोकलं गेलं. दुसऱ्या बाजूला सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसल्या, त्या कितीही सरकवल्या तरी अर्ध्याच उघडतात. छातीच्या ओपीडीत तर डॉक्टरांची सोय म्हणून दहा बाय दहाच्या खोलीला एसी बसवला आणि दार लावून घेतलं. भिंतीवरचा असा एसी हवा थंड करतो, बदलत नाही. सकाळी नऊच्या रुग्णाने सोडलेला श्वास साडेनऊचा रुग्ण घेतो, आणि डॉक्टर व सिस्टर दोघांचाही घेतात.

हिशेब साधा आहे. ज्या खोलीतली हवा तासाला दोनदा बदलते, तिथले ९९ टक्के जंतू बाहेर पडायला दोन तासांहून जास्त वेळ लागतो, १३८ मिनिटं. तीच हवा तासाला बारा वेळा बदलली तर २३ मिनिटं. पेरूची राजधानी लिमा इथल्या रुग्णालयांत मोजमाप झालं, त्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. नुसत्या खिडक्या-दारं उघडल्यावर हवा तासाला साधारण २८ वेळा बदलली. यंत्राच्या मदतीने हवा खेळवणाऱ्या खास खोल्यांसाठीची शिफारस १२ ची आहे. आणि उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती नव्या इमारतींपेक्षा कितीतरी सरस ठरल्या. आपल्या गावोगावच्या जुन्या सिव्हिल हॉस्पिटलांत ही संपत्ती बापजाद्यांनी ठेवून दिलेली आहे. आपण तिला प्लायवुड ठोकतो.

खोलीतली हवा कुठे जाते हे पाहायला इंजिनिअर लागत नाही. उदबत्ती लावा. मी आमच्या ओपीडीत लावून पाहिली. धूर रुग्णाच्या खुर्चीकडून सरळ आमच्या टेबलाकडे आला आणि तिथेच घुटमळला. पंखा रुग्णाच्या मागे होता, बंद खिडकी आमच्या मागे. टेबल फिरवलं, खिडकी रुग्णाच्या पाठीशी आली, स्टँडचा पंखा आमच्या पाठीमागे ठेवला आणि एसी बंद करून तावदानं उघडली. धूर बाहेर गेला. खर्च शून्य. पण त्यासाठी परवानगीची चिठ्ठी तीन टेबलांवरून फिरली आणि एसी बंद केल्याबद्दल आठवडाभर बोलणी खावी लागली. बोलणी खायला माझी तक्रार नाही. तक्रार ही, की हे काम एका सिस्टरच्या हट्टावर अवलंबून होतं. ती सुट्टीवर गेली की टेबल परत फिरणार.

रुग्णाला मास्क देण्याचंही तसंच. दक्षिण आफ्रिकेत एमालाहलेनी इथे अश्विन धर्माधिकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या वॉर्डात रुग्णांना एक दिवसाआड साधे सर्जिकल मास्क घातले. मास्क नसलेल्या दिवसांची हवा ज्या ९० गिनिपिगांनी घेतली त्यांतल्या ६९ ना लागण झाली, मास्क असलेल्या दिवसांची हवा घेतलेल्या ९० पैकी ३६ ना. म्हणजे तोच स्वस्तातला मास्क खोकणाऱ्या माणसाच्या तोंडावर गेला, तर खोलीतल्या सगळ्यांचा धोका साधारण निम्म्यावर येतो. केसपेपरच्या खिडकीवरच खोकणाऱ्याच्या हातात मास्क ठेवायचा, त्याला बाहेरच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसवायचं आणि रांगेत पुढे घ्यायचं. ही तीन कामं करायला लागणारा माणूस आमच्याकडे नाही, कारण ते पद मंजूर नाही.

खरा धोका टीबीच्या वॉर्डात असतो असं बाहेरच्यांना वाटतं. तिथे निदान सगळे सावध असतात आणि योग्य औषध सुरू झालेला रुग्ण लवकरच फारसा संसर्ग पसरवेनासा होतो. धोका असतो तो न ओळखलेल्या रुग्णाचा. मेडिसिन वॉर्डात "न्यूमोनिया" म्हणून दाखल झालेला, दहा दिवस मधल्या खाटेवर खोकत पडलेला, ज्याची वाफ आम्ही लावली, चादर मामांनी बदलली, ज्याचं पोर्टेबल एक्स-रे यंत्र टेक्निशियनने ढकलत आणलं. अकराव्या दिवशी रिपोर्ट येतो, त्याला हलवतात, खाट पुसतात. त्या दहा दिवसांत ड्युटी केलेल्या माणसांना कुणी बोलावत नाही. त्यांची यादीच नसते. इथे मला ते सुईचं रजिस्टर आठवतं. त्याच धर्तीचं एक पान हवं: उशिरा निदान झालेला रुग्ण, त्याची खाट, त्या काळातला ड्युटी चार्ट, त्यात कंत्राटी सफाई कामगार, आया, कक्षसेवक, निवासी डॉक्टर, विद्यार्थिनी, सगळे. त्यांची लगेच आणि मग पुढची दोन वर्षं ठरावीक अंतराने विचारपूस आणि तपासणी. दोन वर्षं एवढ्यासाठी, की लागण झालेल्यांपैकी ज्यांना आजार होतो त्यांच्यात तो बहुतेकदा याच काळात डोकं वर काढतो.

यावर हमखास ऐकू येणारा आक्षेप असा, की टीबी तर सगळीकडेच आहे. लोकलच्या डब्यात आहे, चाळीत आहे. रुग्णालयातच लागला हे कशावरून? या आक्षेपात तथ्य आहे म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत ७२६ आरोग्य कर्मचाऱ्यांची तपासणी झाली होती, तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्वचेची किंवा रक्ताची, यांपैकी एक तरी चाचणी ३६० जणांची पॉझिटिव्ह आली, म्हणजे निम्म्यांची. ही सगळी माणसं आजारी नव्हती, जंतू शरीरात दबून होते. आणि त्यांतले काही जंतू बाहेरूनही आले असतील. पण वयाबरोबरच आरोग्यसेवेतली वर्षं वाढत गेली तसं लागणीचं प्रमाण चढत गेलं, हे त्याच पाहणीत दिसलं. सेवाग्राम हे काही लोकलच्या गर्दीचं ठिकाण नाही.

शिवाय कायद्याने हा वाद केव्हाच मिटवला आहे, आणि हे मलाच फार उशिरा कळलं. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजारांची यादी आहे. तिच्या 'अ' भागातली पहिलीच नोंद संसर्गजन्य आजारांची आहे आणि त्यात आरोग्यसेवेचं व प्रयोगशाळेचं काम स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. असं काम करणाऱ्याला असा आजार झाला, तर तो कामावर झालेला अपघात मानायचा. तो कामावरून आला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. कामगाराने काही सिद्ध करायचं नाही. 'अ' भागासाठी किमान सहा महिन्यांच्या नोकरीचीही अट नाही. ठेकेदाराचा माणूस असेल तर भरपाई मूळ मालकाने द्यायची आणि हवी तर ठेकेदाराकडून वसूल करून घ्यायची, अशीही तरतूद त्यात आहे. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, कायद्यात अशीच यादी होती, आणि या दोन्ही कायद्यांची जागा घेतलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही नोंद उतरली आहे. माझ्या बावीस वर्षांत मात्र या नोंदीखाली एकाही सहकाऱ्याने दावा केलेला मी पाहिला नाही. ना आम्हाला ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं, ना युनियनच्या मागण्यांत ते कधी आलं. आम्ही धोका भत्त्यासाठी भांडलो. भत्ता मिळावा, पण तो घेऊन धोका तसाच राहतो, आणि ठेक्यावरच्या माणसाला तर भत्ताही नाही.

बाहेरच्या देशांतही हे आपोआप झालेलं नाही. अमेरिकेत कामगारांना क्षयापासून वाचवण्याचा देशव्यापी नियम १९९७ मध्ये प्रस्तावित झाला आणि २००३ च्या अखेरीस गुंडाळला गेला. कॅलिफोर्निया राज्याने मात्र २००९ मध्ये हवेतून पसरणाऱ्या आजारांसाठी स्वतःचा नियम केला. लेखी आराखडा, प्रशिक्षण, तपासण्या आणि मास्क, सगळं मालकाच्या खर्चाने. दशकभराने कोविड आला तेव्हा तिथल्या परिचारिकांच्या हातात निदान दाखवायला एक नियम होता. महाराष्ट्राने असा नियम का करू नये? शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना होणाऱ्या टीबीबद्दल आपण कित्येक वर्षं वर्तमानपत्रांत वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. मार्गदर्शक सूचना आहेत, पण त्या पाळल्या नाहीत तर कुणाला जाब विचारायचा हे त्यांत नाही. कायद्याने बांधलेला नियम असेल, तर झरोक्याचं प्लायवुड काढायला सिस्टरचा हट्ट लागणार नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. कर्मचाऱ्यांची वार्षिक तपासणी ही शिक्षा होता कामा नये. आज आमच्यातली लग्नाची मुलगी खोकला लपवते, कारण निदान झालं तर घरी स्थळ मोडेल आणि इथे सगळ्या मजल्यांवर चर्चा होईल. कंत्राटी माणूस लपवतो, कारण निदान म्हणजे नोकरी जाणार. पगारी रजा, नोकरीची हमी आणि निदान गुप्त राहील याची खात्री, हे तिन्ही आधी दिलं तरच माणसं एक्स-रेला स्वतःहून उभी राहतील. नाहीतर तपासणी कागदावर शंभर टक्के होईल आणि खोकणारी माणसं वॉर्डात काम करत राहतील.

मावशी आता बऱ्या आहेत. दोन घरची धुणी-भांडी करतात, जिना चढताना मध्ये थांबतात. गेल्या महिन्यात मी त्यांना युनियनच्या वकिलांकडे घेऊन गेले. दाव्याला दोन वर्षांची मुदत असते, मावशींना कामावरून काढून तीन वर्षं झाली. उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ करण्याचा अधिकार भरपाई आयुक्तांना आहे, असं वकील म्हणाले. अर्ज मीच लिहायला घेतला. उशिराचं कारण काय लिहू, असं विचारलं तेव्हा मावशी जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "लिहा की, कुणी सांगितलंच नाही." तसंच लिहिलं आहे.